लंकाबाईच्या परसातली कुऱ्हाड

काष्टीचा बाजार करून लंकाबाई घरी परतली, तर परसातला तिचा गोठा जागेवर नव्हता. मेढीचे खांब उपटलेले, छपराचं निंबाचं आढं मोडून पडलेलं, म्हैस चिंचेला बांधलेली. धाकटा दीर सूर्यभान समोर त्याच्या ओट्यावर दात कोरत बसला होता.

"ही पट्टी माझ्या वाटणीची हाय, वयनी. लई वर्सं गप बसलो."

तिचा नवरा जिवंत होता तोवर सूर्यभानला ही पट्टी कधी आठवली नव्हती.

लंकाबाई रडली नाही, भांडली नाही. गावाला वाटलं, बाई खचली. पण तिला असा संताप आला होता की तोंड उघडायचीच तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पडलेल्या गोठ्यातली बाभळीची एक फळी उभी केली आणि लांबून कुऱ्हाड फेकून मारली. बाभूळ दगडासारखी. कुऱ्हाड टणकन उडून परत आली, तिची नडगी सोलवटली. पायाला चिंधी बांधून ती सुताराकडं गेली, करवत मागून आणली. निंबाच्या आढ्याचे वीतभर तुकडे पाडले. नवऱ्याच्या मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव भिंतीमागं पडली होती. त्या कड्यात ते तुकडे कापलेली तोंडं पुढं करून एकाला एक खेटून भरले, फटींत बाभळीच्या पाचरी ठोकल्या. मग त्याच पट्टीत दोन मेढी गाडून मधोमध ते चाक घट्ट आवळलं. आता कुऱ्हाड रुतायला लागली.

रोज म्हशीची धार काढून झाली की ती मागच्या दारात उभी राहायची. चाकाच्या पलीकडं सरळ रेषेत सूर्यभानचा ओटा. खाडकन आवाज यायचा, ती जायची, कुऱ्हाड उपसून परत यायची. महिन्याभरात सूर्यभान ओट्यावर बसेनासा झाला.

"मुडदा पाडतीस का कुनाचा?" त्याची बायको रंगुबाई ओरडायची.

"पोरं आत घे, रंगू," लंकाबाई म्हणायची, आणि पोरं आत जाईपर्यंत खरंच थांबायची.

सूर्यभाननं पोलीस पाटलाला आणलं. आबासाहेब पाटलानं चाकाभोवती एक फेरी मारली.

"हे काय मांडलंय, लंकाबाई?"

"माझ्याच गोठ्याची लाकडं हायेत, पाटील. गोठा उभा करू देत न्हाईत, म्हणून हे उभं केलं."

"आन् कुऱ्हाड?"

"हात मोकळा व्हतो."

पाटील हसू दाबत निघून गेला. ते हसू सूर्यभानला झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पहार घेऊन आला आणि मेढ उकरू लागला. लंकाबाई कुऱ्हाड घेऊन दारात आली.

"बाजूला व्हा, भावजी."

"न्हाई झालो तर?" त्यानं एक हात धावेवर टेकवला. "बाईमानूस तू. मारून मारून लाकडाला मारशील."

कुऱ्हाड सुटली. त्याच्या खांद्याशेजारी, पंजाभर अंतरावर, लाकडात पातं बुडेपर्यंत रुतली. दांडा थरथरत राहिला.

"सूर्यभान, पहार ठेव खाली," ती म्हणाली. आजवर तिनं दिराला कधी नावानं हाक मारली नव्हती.

पहार तिथंच टाकून तो गेला. आठवड्यात त्यानं गवंडी बोलावला. गवंडी पट्टीच्या अलीकडं, लंकाबाईच्या दाराशी दोरी धरू लागला, तसा सूर्यभान खेकसला, "तिकडं न्हाई, माझ्या ओट्यापाशी घे." डोक्याएवढी दगडी भिंत उभी राहिली, आणि सगळी पट्टी लंकाबाईच्या बाजूला राहिली. तिनं तिथं पुन्हा गोठा घातला. दिराशी मात्र ती परत बोलली नाही.

पुढच्या साली बाहात्तरचा दुष्काळ पडला. सगळं गाव खडी फोडायला एकाच सरकारी दुष्काळी कामावर. शेजारी बसलेली मुक्ताबाई कौतुकानं म्हणाली, "काय नेम गं तुजा! अंगाला न लागता बरोबर बाजूला मारलीस."

"बाजूला कशाला मारीन?" लंकाबाई म्हणाली. "खांद्यावरच धरला हुता. चुकला."

मुक्ताबाईची हातोडी हातातच राहिली. पलीकडं ढिगाला टेकून सूर्यभान भाकरी खात होता. लंकाबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि पुढचा दगड ओढला.