भुईआवळीची जोडी

आमच्या रोहिणखेडकडच्या बायका भुईआवळी एकटी उपटत नाहीत. हिरव्या काडीची ती मादी, लालसर काडीचा तो नर. दोन्ही मिळून औषध, जोडी मोडली की गुण गेला. आम्हा दोघी बहिणींना हे आईनं शिकवलं. आई कावीळवाल्यांना पाला द्यायची, आणि तिच्या हाताला गुण आहे असं सारं गाव म्हणायचं.

आई गेली. मी शिकून प्रयोगशाळेत लागले, ताई गावातच राहिली. तिनं बायकांचा गट उभा केला आणि औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याशी वाळलेल्या भुईआवळीचं बोलणं केलं. गटाचं पहिलंच मोठं काम! कारखान्याची अट एकच: आधी डीएनए तपासणी. वाळून चुरा झाल्यावर कुठला पाला कुठला, हे डोळ्यांना थोडंच कळतं! नमुना नेमका आमच्याकडेच आला. मी फोनवर सहज विचारलं, "ताई, काही मिसळलं नाही ना?" तर केवढी भडकली!

"तपास ना वं बिनधास्त! आपल्या मालाले कायचं भेव?"

तपासला. चुऱ्यातून डीएनए काढला, जात ओळखण्यापुरत्या तुकड्याच्या प्रती वाढवून पाहिल्या. एका जातीची खूण दिसायला हवी तिथे दोन दिसल्या. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा सगळं केलं. पुन्हा दोन! कसली नर-मादी अन् कसलं काय. शेजारी-शेजारी उगवणाऱ्या दोन वेगळ्याच वनस्पती. आमच्या रिपोर्टात याला एकच शब्द आहे, भेसळ. मेल्या त्या शब्दाचा मला आजही राग येतो. भेसळ करणारा लबाड असतो हो, आमची आई लबाड नव्हती.

माल नाकारला गेला. मी घाबरत घाबरत ताईला फोन केला. वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बायकाइले मी सांगतो समजावून," ती म्हणाली. "म्हणन, माह्यंच चुकलं. माल गेला तं गेला. पण मायनं भेसळ शिकवली असं कुठी लिहू नोको वं."

मी "नाही लिहीत" म्हटलं. रिपोर्ट सकाळीच गेला होता, माझ्या सहीनं.