चाचांच्या अंगणातली टेंभुर्णी

होळी पेटली की जुन्नरचं ते प्रकरण मला हटकून आठवतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार, अंगात खाकीचा तोरा.

होळीच्या दिवशीच खबर आली, की राखीव जंगलातून चोरलेला टेंभुर्णीचा ओंडका एका म्हाताऱ्या मुसलमान सुताराच्या अंगणात पडला आहे. सगळी आळी त्याला चाचा म्हणायची. टेंभुर्णीचा काळाभोर गाभा असल्या कारागिरांच्या आवडीचा, म्हणून माझा संशय पक्का. चाचांना बोलावून दुपारभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं.

"जंगल खात्याच्या लिलावातलं लाकूड हाय, साहेब. टोकाला डेपोचा शिक्का हाय. चला, दावतो."

दिवस कलताना पंच घेऊन गेलो, तर ओंडका गायब! चाचांनी आधी रिकाम्या ओट्याकडे पाहिलं, मग आळीच्या तोंडाकडे, आणि गप्प झाले. खोदून विचारलं तरी एकच जबाब: "लाकूड गेलं. एवढंच लिवा."

मुद्देमाल लपवला म्हणून मी त्यांना कोठडीत घालायला निघालो, तोच आळीच्या तोंडाशी होळी पेटली आणि ठिणग्या ताडताड उडू लागल्या. माझे हवालदार थबकले. "साहेब, अशी तडतडती ती टेंभुर्णीच."

होळीपाशी विचारलं, तर एक शेतकरी हसतच म्हणाला, "होळीचं लाकूड चोरूनच आणायचं अस्तंय, राव! चाचा दर साली ओट्यावर एक काढून ठेवत्यात. आज न्हवतं, म्हून आमी अंगणातलं उचाललं."

ओट्यावर लाकूड नव्हतं, कारण ते ठेवणारा माणूस माझ्या बाकावर बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धुळवडीच्या सकाळी बाया निखाऱ्यांवर पाणी तापवत होत्या. राखेतून ओंडका ओढला. आगीबाहेर राहिलेल्या टोकावर शिक्का शाबूत होता. पंचनामा झाला, चाचा सुटले.

"चाचा, ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?"

"सणाच्या दिशी आळीत पोलीस घालू व्हय? आन् चोरायची सवय मीच लावली की त्यास्नी!"

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी शिकलो होतो. तो कुणाला तरी पाठीशी घालत असेल, हे चाचांनी शिकवलं. त्या म्हाताऱ्यावर माझा जीव जडला तो कायमचा.

पुढच्या होळीला माझ्या सरपणातला एक जाड ओंडका मी स्वतः चाचांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. दिवस मावळायच्या आत तो चोरीला गेला. त्या चोरीची ठाण्यात नोंद नाही.