खड्डावाल्या मॅडम

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमना सगळं गाव खड्डावाल्या मॅडम म्हणायचं. अकोल्याहून बदलून नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात दुसरीच्या पोरांकडून शाळेमागे खतासाठी गुडघाभर खड्डा खणून घेतला. तेच त्यांचं पुस्तक. पोरं पाला वेचत, 'लीफ' म्हणत. खड्ड्यात टाकताना 'पुट इट इन' म्हणत. प्लॅस्टिकची पुडी निघाली की 'नो, नो' असा एकच गलका.

ए फॉर अ‍ॅपल त्यांना चालायचं नाही. "सफरचंद कोणाच्या वावरात पिकते, सांगा बरं? पाला तं दारात पडून हाये," म्हणायच्या.

मला ही थेरं वाटायची. आम्ही भाजीवाले, पोरीनं तरी मातीतून हात काढावा म्हणून शाळेत घातलेलं. शहरात राजापेठेत राहणाऱ्या भाचीच्या वह्या स्पेलिंगांनी भरलेल्या आणि आमच्या गौरीची कोरी! मी तरातरा शाळेत गेले.

"मॅडम, पोरीची वही कोरी काहून हाये?"

"वही कोरी हाये, तोंड नाही. बोलून तं पाहा तिच्याशी."

मला कुठलं आलंय इंग्रजी? अपमानच वाटला. मॅडमकडून वर्ग काढून घ्या, असा अर्ज लिहिला, पालकांच्या सह्या गोळा केल्या. पालकसभा ठरली. थोडं वहीत लिहून घ्या म्हणजे मिटेल, असं हेडमास्तरांनी मॅडमना समजावलं. "आधी बोलतीन, मंग लिहितीन," एवढंच त्या म्हणाल्या.

सभेच्या आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे अंगणातला पाला पेटवायला बसले. गौरी धावत आली आणि तिनं माझं मनगट धरलं. "आई, स्टॉप! नो फायर! पुट इट इन द पिट!"

ती पाठ केलेलं म्हणून दाखवत नव्हती. मला रागावत होती, तेही इंग्रजीत! हातातल्या पेटत्या काडीचा बोटाला चटका बसेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले.

सभेत मी अर्ज टराटरा फाडला. "तुले काय झालं वं?" शेजारीण म्हणाली.

"माही पोरगी बोलून राहिली. तुमी तुमच्या पोरायले इचारा," मी म्हटलं.

मॅडम आणखी दोन वर्षं राहिल्या, मग बदली झाली. निरोपाला मला रडू आवरेना, तर त्याच डाफरल्या, "रडता काहून? खड्डा बुजू देऊ नका."

यंदा नव्या गुरुजींनी खड्डा बुजवून तिथं सिमेंट टाकायला मिस्त्री आणला. मी जाऊन खड्ड्यातच उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी बोलले.

"स्टॉप!"

मिस्त्रीनं घमेलं खाली ठेवलं.