साताचा पाय

मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता माझा नवरा शिवडीच्या गोदामात टेबलाशी बसलेला असताना गेला. त्याच्यापुढे कागद होता. कागदावर लिहिलं होतं, 'या नोंदी रोजच्या रोज घेतलेल्या नाहीत. त्या एकाच'. पुढे काही नव्हतं.

गोदाम म्हणजे त्याचं आणि त्याच्या मित्राचं वर्कशॉप. विमानात सीटखाली लाइफ जॅकेट असतं. ते ठरावीक काळाने काढून आणायचं, फुगवून तपासायचं, घडी घालून परत द्यायचं, हे तिथलं काम. दोघंही डिलाईल रोडच्या एकाच चाळीत वाढलेले आणि एकाच वर्षी विमान दुरुस्तीचं लायसन्स मिळवलेले. ज्या कंपनीत दोघांनी उमेदीची वर्षं घालवली ती बंद पडली, तेव्हा मित्र म्हणाला, आता दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही. गोदाम घेतलं, अकरा माणसं जमवली. पण विमान वाहतूक खात्याची मंजुरी नसेल तर विमानातल्या एका पट्ट्यालाही हात लावता येत नाही. मंजुरी हवी तर आधी आपण कोण आहोत, कोण कशाला जबाबदार आहे, काय कसं करणार आहोत, याचं मॅन्युअल लिहून द्यावं लागतं.

ते मॅन्युअल परळच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर दोन वर्षं लिहिलं गेलं. मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासते. नवरा आधी मराठीत लिहायचा, मग आम्ही दोघं ते इंग्रजीत करायचो. मधली काही पानं मोकळी होती आणि त्यांवर छापायचं होतं की हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे. मी हसले. म्हटलं, छापल्यावर ते कोरं कुठे राहिलं? तो म्हणाला, कोरं पान दिसलं की कुणीतरी त्यावर लिहितं, म्हणून आधीच सांगून टाकायचं.

मॅन्युअलमध्ये मित्राचं पद 'अकाउंटेबल मॅनेजर' होतं, म्हणजे सगळ्याची जबाबदारी शेवटी ज्याच्यावर येते तो. नवरा क्वालिटी मॅनेजर. तपासलं असं म्हणणारी सही त्याची, आणि सहीशेजारी त्याच्या नंबरचा गोल शिक्का. हा शिक्का पहिल्याच आठवड्यात फरशीवर पडला आणि नंबरातल्या इंग्रजी साताच्या पायाचा टवका उडाला. नवा करून घे, असं मी म्हटलं होतं. तो म्हणाला, राहू दे, माझा म्हणून ओळखू येईल. त्याच्या आजोबांनी गिरणीत आयुष्यभर अंगठा उठवला होता. सही हा आमच्या घरात साधा विषय नव्हता.

खात्याचे दोन तपासनीस आले आणि दिवसभर थांबले. नमुन्यादाखल ठेवलेल्या जॅकेटांवर त्यांचा काही आक्षेप नव्हता. अडलं ते एका रजिस्टरवर. जॅकेटं ठेवायच्या खोलीतला दमटपणा सकाळ-संध्याकाळ मीटरवर बघून लिहायचा असतो. रजिस्टर मित्राकडे होतं. चार महिन्यांच्या नोंदी एका पेनाने, एका दमात भरलेल्या. रविवारी गोदामाला कुलूप, तरी रविवारच्याही होत्या. आकडा बहुतेक ठिकाणी पंचावन्न टक्के. तपासनिसांतला मोठा माणूस खिडकीतून खाडीकडे बघत म्हणाला, "शिवडी में, जुलाई में, पचपन?" तेवढंच म्हणून त्याने ते लिहून घेतलं. असं का झालं, याचं लेखी उत्तर क्वालिटी मॅनेजरने द्यायचं होतं.

त्या संध्याकाळी मित्र आमच्याकडे आला. तो मला वहिनी म्हणतो, मी त्याला भाऊजी. मी चहा टाकला.

"मीटर खराब होतं म्हण ना," तो नवऱ्याला म्हणाला. "मीटरला काय बायकापोरं आहेत?"

"मीटर चांगलं आहे. आपण बघितलं नाही. तेच लिहिणार. तीन महिने खऱ्या नोंदी घेऊ, मग बोलावू त्यांना."

"तीन महिन्यांत ठरलेलं काम दुसरीकडे जाईल. अकरा जणांना कोण सांगणार?"

"मी सांगतो. अरे, जॅकेट कुणी उघडून बघत नाही. पाण्यात पडल्यावरच उघडतात. तोवर त्याच्या वतीने आपला कागदच बोलतो."

मित्र म्हणाला, तू लहानपणापासून असाच, कॅरममध्येसुद्धा स्वतःचा फाउल स्वतःच सांगायचास. दोघंही हसले. पण चहा त्याने अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून नवरा एका छोट्या वहीत स्वतः नोंदी घेऊ लागला. रविवारीसुद्धा शिवडीला जाऊन यायचा. असे बावीस दिवस. मग तो मंगळवार आला.

नवरा गेल्याच्या पाचव्या दिवशी मित्राने मोबाइलवर मजकूर पाठवला. वहिनी, उत्तराची भाषा जरा बघून द्याल का, तो असता तर तुम्हालाच दिलं असतं. मी खिडकीशी बसून ते इंग्रजी उत्तर तपासलं. एक 'द' घातला, एक अनेकवचन दुरुस्त केलं, एक स्वल्पविराम काढला. हाताला काम मिळालं म्हणून बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. मीटर सदोष आढळल्याने नोंदी विश्वासार्ह नाहीत, असं ते वाक्य होतं. नवऱ्याचं म्हणणं मला माहीत होतं. तरी मी अक्षरं वाचली, वाक्य वाचलं नाही. तीस वर्षं लोकांची प्रुफं तपासून मला हेच साधलं.

नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना होऊन माणसं पांगल्यावर मित्र माझ्याजवळ येऊन बसला.

"वहिनी, त्याचा शिक्का घरी आहे का?"

"कशाला, भाऊजी?"

"उत्तर पाठवायचंय. सोमवारच्या तारखेने." पुढे म्हणाला, "सोमवारी तो होताच ना."

मग त्याने समजावून सांगितलं. नवरा गेल्याचं आत्ता कळवलं तर नवा क्वालिटी मॅनेजर, त्याचे कागद, त्याची मुलाखत, सगळं पहिल्यापासून. हे वर्कशॉप त्याचंच स्वप्न होतं, असं म्हणाला. माझा नवरा आयुष्यात कधी स्वप्न हा शब्द बोलला नव्हता.

सापडत नाही, मी म्हणाले. शिक्का माझ्या पाठीमागच्या खणात होता. देणार नाही, एवढं साधं वाक्य मला जमलं नाही.

मित्र निघून गेल्यावर मी नवऱ्याची बॅग पहिल्यांदा उघडली. गोदामातल्या कुणीतरी टेबलावरचं सगळं तिच्यात भरून दिलं होतं. डबा, चष्मा, ती वही. वहीत तो कागद. अर्धं वाक्य माझ्या समोर होतं, आणि त्याच्या उलट वाक्यातला स्वल्पविराम मी काढून दिला होता.

दीड महिन्याने मंजुरी आली. मित्र पेढे आणि मॅन्युअलची बांधलेली प्रत घेऊन आला. दोन्ही फोटोसमोर ठेवून म्हणाला, "बघ, झालं रे." प्रतीच्या शेवटी ते उत्तर जोडलेलं होतं. माझ्या तिन्ही दुरुस्त्या जागच्या जागी होत्या. सही कुठल्यातरी जुन्या पानावरून उचललेली. शेजारी गोल शिक्का, नंबर बरोबर, पण साताचा पाय धड. असा शिक्का आमच्या छापखान्याच्या गल्लीतसुद्धा अर्ध्या तासात करून मिळतो.

"भाऊजी, साताला पाय फुटला," मी म्हणाले.

त्याने प्रत मिटून ठेवली. मग म्हणाला, "जॅकेटं नीट आहेत, वहिनी. एकेक मी स्वतः फुगवून बघितलंय."

ते खरं आहे. त्याबद्दल मला शंका नाही. पेढ्यांचा डबा त्याने नेला नाही, मीही परत दिला नाही.

खात्याला लिहिलेलं माझं पत्र दोन पानांचं आहे आणि त्यात एकही चूक नाही. ते पाठवलं तर अकरा माणसं घरी बसतील. त्यांतली नऊ पुण्यानुमोदनाला आली होती. आणि चौकशी होईल ती ज्याच्या सहीचा कागद आहे त्याची. तो सांगायला येणार नाही.

पुढे मित्राने नवरा गेल्याचं रीतसर कळवून मॅन्युअलमधलं त्याचं नाव बदललं. बदल झाला की त्या ओळीशेजारी समासात एक उभी रेघ मारतात. पुढच्या आवृत्तीत ती रेघही काढतात. खोटं उत्तर मात्र फायलीत त्याच्याच नावावर आहे.

आता माझ्याकडे पाय तुटलेल्या साताचा शिक्का आहे, बावीस दिवसांच्या नोंदींची वही आहे, आणि न पाठवलेलं पत्र आहे. वर्कशॉप चालू आहे.