फ्रॉकचा गळा

"पुन्हा गळाच ओढून राहिली पाहा," फाटकाशी उभी असलेली एक आई दुसरीला म्हणाली. "तीनदा सैल केला मी. आता फ्रॉक खांद्यावरून घसरते, तरी हिचं ओढणं काई थांबत नाही."

"घामानं बोचत असन वं."

"असन. उद्यापासून गोल गळ्याचा टी-शर्टच घालते. मग पाहते कशी ओढते." हे मुलीकडे बघून. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सगळ्याईच्या खुणा शिकली. आजीची, कुत्र्याची, गॅसवाल्याची. माझीच काहून नाही?"

"तुले काय करायची खूण? तू तर दिवसभर तिच्यासमोर."

दोघी हसल्या. पहिली जरा उशिरा हसली.

मी दोन पावलांवर मुलांच्या चपलांच्या जोड्या लावत बसले होते. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला चार दिवसांपासून माहीत होतं.

सक्करदऱ्यातल्या त्या लहानशा वर्गात मी मदतीला जायला लागले, त्यामागे सेवाभाव वगैरे फारसा नव्हता. बारा मुलं, सगळी ऐकू न येणारी, चार ते सहा वर्षांची. शिकवणाऱ्या बाईंनाही ऐकू येत नाही. म्हणजे "जरा मोठ्यानं बोल गं" असं मला तिथे कोणी म्हणणार नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी अनोळखी माणसांसमोर अडखळतं, आणि इंग्रजीत बोलले तर शिष्टपणा वाटतो. त्यापेक्षा हात बरे.

बाई शिकवतील त्या खुणा मुलं शिकत. पण जे शिकवलं नव्हतं त्यासाठी ती थांबून राहत नसत. कूलर म्हणजे डोळे मिटून दोन्ही हातांनी केस मागे उडवायचे. पाल म्हणजे आधी छताकडे बघत अगदी स्तब्ध, मग सगळ्या अंगानिशी एक उडी. बाई या खुणांची चित्रं एका वहीत काढून ठेवत.

माझ्यासाठीही मुलांनी एक खूण केली होती. केस कानामागे सारायचे आणि जमिनीकडे बघायचं. ती आपल्याबद्दल आहे हे ज्या दिवशी मला कळलं, त्या दिवशी मी केस कानामागे सारले आणि जमिनीकडे बघितलं. बाराच्या बारा मुलं हसून लोळली. मला थोडा राग आला. घरी गेल्यावर मात्र मी आरशासमोर ती खूण तीन-चारदा करून पाहिली.

गळा ओढणाऱ्या त्या मुलीची आई रोज स्कूटीवरून यायची. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडायची, मुलीसमोर उकिडवी बसायची, तिच्या फ्रॉकचा गळा दोन बोटांनी पुढे ओढायची आणि आत फुंकर घालायची. भर उन्हात ती मुलगी गुदगुल्या झाल्यासारखी हसायची.

सोमवारी बाईंनी आईचं चित्र असलेलं कार्ड वर धरलं. बाकीच्यांनी शिकवलेली खूण केली. हिने आपल्या फ्रॉकचा गळा पुढे ओढला आणि गाल फुगवले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. दोन दिवसांत ती खूण सगळ्या वर्गाने उचलली. स्कूटी फाटकाशी थांबली की खिडकीजवळचा मुलगा हिला कोपराने ढोसायचा आणि स्वतःच्या शर्टाचा गळा ओढून दाखवायचा. तुझी आली.

"आईला सांग," बाईंनी मला हातांनी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. पण आपण चुकत असलो तर? ती आई माझ्या शब्दावर खूश होणार, आणि नंतर ते तसं नसलं तर? शिवाय वाक्य सुरू कुठून करायचं, हेही ठरत नव्हतं.

आणि आता उद्यापासून टी-शर्ट.

मुलगी आईच्या गुडघ्याशी उभी होती. तिने वर बघितलं, गळा ओढला, गाल फुगवले. आईचं बोलणं अजून चालूच होतं. बोलता बोलता ती खाली वाकली, फुंकर घातली आणि पुन्हा गप्पांना लागली. मुलीचं समाधान झालं.

मग आईने स्कार्फ बांधला, मुलीला पुढे उभं केलं, किल्ली फिरवली. मी उठले. एका हातात कोणाची तरी एकच चप्पल राहिली होती. दुसऱ्या हाताने मी केस कानामागे सारले, पण या वेळी जमिनीकडे बघितलं नाही.

"ताई."

हे मलाच नीट ऐकू आलं नाही, तर तिला कुठून येणार. मी पुन्हा म्हटलं, आणि तिने वळून बघितलं.

"ताई, टी-शर्ट नका घालू तिला. अ‍ॅक्चुअली... तिला काही बोचत नाहीये. तुम्ही रोज तिथे फुंकर घालता ना, तेच तुमचं नाव ठेवलंय तिने. ती तुम्हाला हाक मारते."