निदानरेषा

आमच्या गावात फोटो वाईट येत नाही, तो ‘हलतो’. साखरपुड्यात हलतो, बारशात हलतो, सत्यनारायणाच्या पूजेत तर भटजींसकट हलतो. या ‘हलला’मध्ये मोठी सोय आहे. कोणाचीच चूक नसते. फोटो आपला आपण हलतो, जशी भरती आपली आपण येते.

या सोयीवर पहिली हरकत घेतली ती दत्तात्रेय म्हात्रे, म्हणजे गावाचे दत्तूदादूस, यांनी. रेवस जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा ‘म्हात्रे फोटो स्टुडिओ’ आहे. लग्न, हळद, लग्नानंतरचं पाचपरतावन, पासपोर्ट, आणि मेलेल्या माणसाला नवा कोट चढवून द्यायची सोय, असा सगळा पसारा. “फोटो कसा हलंल?” ते विचारायचे. “फोटोला काय पाय हायेत? कोण हललं ते सांगा!”

या प्रश्नातून दत्तूदादूसांची डॉक्टरकी सुरू झाली. स्टुडिओशेजारी खरा दवाखाना आहे, त्यामुळे चुकून इकडे येऊन बसलेल्या खोकल्याच्या पेशंटांनीही हे ज्ञान ऐकलेलं आहे. कोणी मोबाइलमधला पुसट फोटो घेऊन आला की दादूस तो दोन बोटांनी मोठा करायचे, डोळे बारीक करायचे आणि नाडी सापडल्यासारखं “हं” म्हणायचे.

“आधी फोटोत काय साफ आलंय ते बघायचं. आजारी माणूस खोटं बोलतो, घरातला धडधाकट खरं सांगतो.” खांब साफ आणि माणूस पुसट, तर माणूस कॅमेऱ्यापेक्षा जोरात होता, शटरचा वेग कमी पडला. खांबासकट सगळंच एका दिशेला फराटलं असेल, तर काढणाऱ्याचा हात हलला. अख्ख्या फोटोवर दुधाची साय धरली असेल, तर ती आपली खारी हवा, काचेवर बसलेली. “मऊ फडक्यानं पूस. लुगड्यानं नको, लुगड्याला मासळीचं तेल असतं.” आणि माणूस धूसर पण त्याच्यामागचं काही लखलखीत, तर तो सगळ्यात वाईट आजार. फोकस चुकला. कॅमेरा एकीकडे, मन दुसरीकडे. एका नवरदेवाच्या भावाने आणलेल्या फोटोत वधूवर धुक्यात होते आणि मागच्या पंगतीतलं सुरमईचं ताट काट्यासकट स्वच्छ होतं. दादूसांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. “भूक लागली होती रं?” पोरगा लाजून निघून गेला.

आता एवढ्या मोठ्या वैद्याच्या घरात रोगी निघावा, हे ठरलेलंच होतं. दादूसांची मुलगी कल्पिता कबड्डी खेळते. चढाईला गेली की समोरच्या पोरी विंगेतल्या नटीसारख्या मागे सरकतात. तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली, तेव्हा मंडळाने फाट्यावर फ्लेक्स लावायचं ठरवलं. आमच्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय माणसाने काही केलं असं धरत नाहीत. फ्लेक्सचं काम मंडळाच्या निकेतकडे असतं. तो स्टुडिओत आला.

“दादूस, कल्पीचा चढाईतला फोटो द्या.”

दादूसांनी कॉम्प्युटर उघडला. कितीतरी वर्षांच्या स्पर्धा त्यात होत्या. कल्पिता कुठे चुलीतून निघालेल्या धुरासारखी, कुठे नुसती वेणी, कुठे दोन कल्पिता आणि एकही पाय नाही. याउलट स्पर्धेला दरवर्षी येणारे प्रमुख पाहुणे गणराजशेठ, ज्यांचे डंपर या रस्त्यावर चालतात आणि ज्यांच्यामुळे रस्ता चालत नाही, ते प्रत्येक फोटोत मिशीच्या केसासकट साफ.

“अरे, निदान एक तरी!” निकेत म्हणाला. “न्हायतर मग आधार कार्डावरचा टाकतो.”

आधार कार्डावर कल्पिता अशी दिसते, की नुकतीच चोरी बघितली आहे आणि साक्षीला यायची तयारी नाही. तिने आतून ऐकलं आणि बाहेर आली.

“तो फोटो फाट्यावर लागला तर मी जिल्ह्याला जाणारच न्हाय. आणि बाबा, सगळ्या गावाचं निदान करता, निदान घरातलं तरी करा!”

शनिवार-रविवारी गावच्याच मैदानावर स्पर्धा होती. सोमवारी फ्लेक्स छापायला जायचा. म्हणजे फोटो मिळायचा तर याच दोन दिवसांत.

शनिवारी दुपारी दादूस मैदानात उतरले ते शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे. काच पुसलेली, गळ्यात रुमाल, बायकोने, म्हणजे नलूवहिनींनी, दिलेलं ताक पोटात. पहिल्या सामन्याचे फोटो मांडवात बसून सगळ्यांनी बघितले. खांब साफ, पंच साफ, कल्पिता म्हणजे हळदीचं बोट फिरवल्यासारखा पिवळा फराटा.

“शटर,” मागून कोणीतरी म्हणालं. एवढ्या वर्षांत गावही शिकलं होतं. दादूसांचा कॅमेरा अजून हळदीच्या समारंभातच होता. तिथे नवरी हलत नाही, हललीच तर मावशी खेकसते. दादूसांनी शटर थेट हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर, नेलं.

दुसऱ्या सामन्यात धूळसुद्धा हवेत थबकलेली दिसत होती. फक्त कल्पिता धूसर होती आणि तिच्या खांद्यावरून स्टेजवरचे गणराजशेठ कोल्ड्रिंक पिताना बुडबुड्यासकट साफ आले होते.

“फोकस चुकला,” निकेत म्हणाला. “मन कुठं होतं, दादूस?”

“मन न्हाय रं, बोट,” दादूस कळवळून म्हणाले. “ते शेठ दिसले की आपोआप तिकडं जातं. शेठ पुसट आले की फोन येतो. पोरगी पुसट आली तर कोणाचा फोन येतो?”

ते बोलून गेले आणि मग त्यांचं शेजारी लक्ष गेलं. कल्पिता बाटलीतलं पाणी पीत होती. तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती पुढच्या सामन्याला उठली.

संध्याकाळी उजेड उतरला, मांडवातले दिवे लागले आणि शटर परत खाली आणावं लागलं. या वेळी फोकस बरोबर होता. दादूसांनी शेठकडे पाठ होईल अशी जागाच धरली होती. पण फोटोत दिव्यांच्या लांब रेघा उठल्या होत्या, खांब रबरासारखा ताणला होता, आणि कल्पिता, पंच, पकड करणाऱ्या पोरी सगळ्यांना एकदम आकाशाची ओढ लागली होती.

“हात,” दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला.

“माझा हात? नवरदेवाच्या वीस किलोच्या घोड्यावरून फोटो काढलेत मी!” घोड्याचं वजन दादूसांनी रागात कमी केलं होतं.

कल्पिताने कॅमेरा घेतला आणि दोन बोटांनी नाही तरी एका नजरेने बघितलं. “रेघा सरळ वर गेल्यात, बाबा. हाताचा कापरा असा नसतो. तुम्ही उडी मारलीत.”

“मी? कवा?”

“दरवेळेलाच मारतात,” नलूवहिनी डबा आवरताना म्हणाल्या. “हिनं चढाईला दम धरला की हे जमिनीवर नसतात. डोळेपण मिटतात.”

निदान झालं होतं. औषध अवघड होतं, कारण आजार स्वतः दादूसच होते.

रविवारी दुपारी अंतिम सामन्याआधी ते काथ्याची दोरी घेऊन आले आणि कोपऱ्यातल्या मांडवाच्या खांबाला त्यांनी कॅमेरा म्हशीसारखा आवळून बांधला. फोकसची मोटर बंद करून तो हाताने जमिनीवरच्या एका पांढऱ्या पट्ट्यावर लावला.

“हितंच का?” नलूवहिनींनी विचारलं.

“ही निदानरेषा. चढाई करणाऱ्याला ही ओलांडावीच लागते, न्हायतर चढाई बाद. कल्पी कितीबी पळू दे, हितं येणारच. तू हे बटण धर. ती रेषेवर आली की दाब, आणि दाबूनच ठेव.”

“आणि तुम्ही?”

“मी लांब उभा राहतो.”

राहिले. खांबापासून लांब, मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, हात मागे बांधून. कल्पिता दम धरून आत गेली. नलूवहिनींनी आयुष्यभर कालवणाला उकळी कधी येते ते बघितलं होतं. त्यांनी बटण बरोबर दाबलं.

फोटोत कल्पिताचा पाय निदानरेषेच्या पुढे पडत होता, हात समोरच्या पोरीच्या खांद्यापासून बोटभर लांब, कपाळावरचा घाम मोजता यावा इतका साफ. निकेत बघतच राहिला. मग त्याचा चेहरा पडला.

“दादूस, मागं शेठ हललेत.”

“शेठ हलले न्हाय,” दादूस म्हणाले. “शेठ मागं राहिलेत.”

मंगळवारी फ्लेक्स लागला. शेठचा फोन आला होता, त्यामुळे कोपऱ्यात गोलात शेठ वेगळे छापले होते आणि ते कल्पिताच्या डोक्यापेक्षा अंमळ मोठेच होते. पण मधोमध कल्पिता होती, आधार कार्डाचा मागमूसही नव्हता, आणि ती फाट्यावरून दोनदा चालत गेली. एकदा पाव आणायला आणि एकदा उगाचच.

फ्लेक्सच्या कडेला, कल्पिताच्या मागे लांबवर, जमिनीपासून हातभर वर एक पांढरं काहीतरी होतं. बगळा म्हणावा तर त्याला चप्पल होती.

“दादूस, एवढं केलंत, तरी एवढा कोपरा हललाच की!” चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडलं.

दादूस जवळ गेले. सवयीने त्यांनी फ्लेक्सवर दोन बोटं ठेवली आणि फाकवली.

“रेषा साफ, पोरगी साफ. म्हणजे कॅमेरा ठणठणीत,” ते म्हणाले. “हितं विषय हलला.”

“विषय कसला,” नलूवहिनी म्हणाल्या, “बाप हलला.”