खोली नको, आधी रस्ता दाखवा

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. सामान हलवताना पलंगाखाली जसा पसारा निघतो, तसे ते निघतात. मी आणि वैशालीने गोंदियात इतक्या खोल्या बदलल्या, की टेम्पोवाला आता नाव-गाव विचारत नाही. "या टाइमले कुठं?" एवढंच म्हणतो.

आम्ही दोघी अर्जुनी मोरगावच्या. वनरक्षक भरतीसाठी शहरात आलो. लोक खोली घेताना नळ बघतात, आम्ही बाहेरचा रस्ता बघायचो. पहाटे धावता आलं पाहिजे, बाकी सगळं चालवून घेऊ. माझं वय अजून बसत होतं. वैशालीची ही शेवटची भरती. तिच्या बाबांनी निघतानाच सांगितलं होतं, "यात झालं त झालं. नाही त पाहुणे आणतो."

* * *

पहिली खोली स्टेशनच्या बाजूला. रस्ता रुंद, दिवे चालू, आम्ही खूश. पहाटे खाली उतरलो तर फाटकाला कुलूप.

मालक म्हणाले, "बेटा, ताला पूजा के बाद खुलेगा. जमाना खराब है."

त्यांची पूजा ऊन डोक्यावर येईपर्यंत चालायची. शेवटी वैशाली गच्चीवरच गोल गोल धावायला लागली. तिसऱ्या दिवशी मालकीणबाई वर आल्या. "ऊपर किसने भैंस बांधी है?"

वैशाली धापा टाकत म्हणाली, "भैंस नहीं आंटी, फॉरेस्ट गार्ड."

महिना भरायच्या आत खोली गेली.

* * *

दुसरी खोली राईस मिलच्या मागे. रस्ता सरळ आणि रिकामा. रिकामा का, ते आठ दिवसांनी कळलं. हवेत सतत कोंडा उडायचा. आम्ही तोंडाला ओढणी बांधून धावायचो आणि दिवसभर खोकायचो. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "मिलमध्ये कधीपासून कामाला आहात?"

मी हसले. वैशाली हसली नाही. तिचा टाइम रोज मागे पडत होता आणि बाबांचा रोज फोन येत होता.

* * *

तिसरी खोली चांगल्या कॉलनीत होती. झाडं, गतिरोधक, शिकलेले लोक. तिथे आमच्या मागे एक मोटारसायकल लागली. हेडलाइट बंद. आम्ही थांबलो की ती थांबायची, धावलो की हळूहळू यायची.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "मग धावता कायले? घरी योगा करा."

माझं डोकं फिरलं. "भरतीत योगा नाही घेत काका," मी म्हटलं आणि किचनमधून तिखटाची पुडी घेतली.

दुसऱ्या दिवशी गाडी अगदी जवळ आली. मी तिखट फेकलं. वारा उलटा होता. सगळं आमच्याच डोळ्यांत गेलं. आम्ही एकमेकींचे हात धरून रस्त्यात उभ्या, काही दिसेना, आणि इंजिनचा आवाज आमच्याभोवती फिरतोय. दुधाची गाडी आली म्हणून तो पळाला. त्या दिवशी मी खरंच घाबरले. अजूनही मागून गाडी आली की माझी मूठ आवळते.

* * *

म्हणून मग चौथी खोली शहराला लागून असलेल्या कुडव्यात. पहिल्याच पहाटे मागून चपलांचा आवाज. आम्ही वेग वाढवला, आवाजानेही वाढवला. वैशाली दगड उचलून वळली.

मागे पदर खोचलेली एक आजी. तिच्या मागे दोन बाया, एकीच्या हातात पाण्याचा लोटा.

"कोणाले साप डसला?" आजीने विचारलं.

आमच्या खेड्यांत पहाटे बाईमाणूस धावतं ते अशाच कामाला. तिचंही बरोबर होतं.

"कोणालेच नाही आजी. आम्ही अशाच धावून राहिलो."

"अशाच? मंग पहिले सांगाव लागते ना!"

तेव्हापासून आजी पहाटे झाडू घेऊन दारात उभी असायची आणि आम्ही जाता-येता सांगायचो, "अशाच, आजी."

* * *

भरती तोंडावर आली होती. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी वैशालीचे बाबा दिसले. पहिल्या गाडीने आले होते.

"वैशे, चाल घरी. दुपारी पाहुणे येऊन राहिले."

भरती व्हायच्या आधीच! वैशालीने त्यांच्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि सुटली. बाबांनी चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागे धावले. मी त्यांच्या मागे, "काका, थांबा" ओरडत.

आजीला एवढंच दिसलं, की पोरगी पुढे आणि माणूस मागे. वैशाली पुढे गेली आणि आजीने झाडू आडवा धरला. कोणीतरी स्कूटर मधे घातली. दारादारांतून बाया बाहेर आल्या.

"पोरीच्या मांगं कायले लागला बे?"

बाबा धापा टाकत म्हणाले, "पोरगी माही आहे. बाप आहो मी तिचा. घरी न्याले आलो."

मी "हो" म्हणून मान हलवली. तरी कोणी बाजूला झालं नाही. पुढे वैशाली गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती, आमच्याकडे बघत.

आजीने झाडू खाली घेतला. "बाप असशीन त पुढं जाऊन उभा राह्य. मांगून कायले धावून राहिला?"

बाबांनी चपला खाली टाकल्या, पायात घातल्या आणि चालायला लागले. वैशालीच्या शेजारून गेले, तिच्याकडे बघितलं नाही. गल्ली संपते तिथे नाल्याच्या पुलावर थांबले, आमच्याकडे तोंड केलं आणि शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर उभा माणूस करतो तसा हात वर केला.